हवेचं वजन

'शहाणे बोल रही हूँ,' म्हटलं की पलीकडचा
हमखास विचारतो, 'कौन? शहनाई?'
मी हो म्हणते.
रेट ऐकेपर्यंत टिकला
तर नाव नंतर दुरुस्त करता येतं.

देवास नाक्याला टायरच्या दुकानावर आमचा मजला.
खाली दिवसभर हवा भरतात,
वर आम्ही ती विकतो.
गंमत नाही ही. मुर्तझाभाईंना विचारा.
सियागंजातून त्यांची परमलची खोकी निघतात भिवंडीला,
चारशे खोकी, दोन पोरं हसत हसत भरतात गाडीत,
आणि मी बिल लावते दुप्पट वजनाचं.
'बेटा, यात आहे काय? फुंकर मारली तर उडेल.'
मी पाठ केलेलं म्हणते :
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची,
दोन्हींत जे जास्त भरेल ते वजन.
ते गप्प राहतात. मग म्हणतात,
'म्हणजे जे नाही त्याचंही भाडं.'
मग किलोमागे चाळीस पैसे कमी करून मागतात.
मी वीस सोडते. सिसोदिया सर काचेतून बघत असतात.

फळ्यावर आमची नावं, नावांपुढे आकडे,
पंचवीस तारखेनंतर लाल शाईत.
कृतिका पोरवालचं नाव पुसलं तरी
तिचा काना दिसतो अजून, ओल्या फडक्याने जात नाही.
ती एकाच कानात डूल घालायची.
दुसरा कान कंपनीचा, म्हणायची.

आई विचारते, तू नक्की विकतेस काय गं?
जागा, मी म्हणते.
प्लॉट? सुपर कॉरिडॉरला?
नाही गं, गाडीतली. रिकामी.
ती भाजी ढवळत राहते.
शेजारच्या रेगेकाकूंना सांगते, बँकेत आहे.

नानूराम डावर कुक्षीचा. बिजासन घाटात
दुपारपासून अडकलाय, पुढे ट्रेलर आडवा.
'मॅडम, चार घंटे से हिला नहीं.'
मागे स्टोव्हचा आवाज, कुणीतरी कांदा चिरतंय.
दुसऱ्या फोनवर पार्टी.
गाडी निघाली ना?
निघाली, मी म्हणते, धुळ्याच्या अलीकडे आहे.
खोटं नाही. इंदूरही धुळ्याच्या अलीकडेच आहे.

थांबल्याचेही पैसे असतात आमच्याकडे,
पहिला दिवस फुकट, मग तासावर.
ते कंपनीला मिळतात.
नानूरामला मिळतो कांदा.

एकतीस तारीख. रात्रीचे साडेनऊ.
भिवंडीत नानूराम रिकामा उभा, परतीचा माल नाही.
रिकामी गाडी घाटात भरल्या गाडीहून जास्त वाजते, तो सांगतो,
झोप लागत नाही, हे बरंच म्हणा.
मी अठरा जणांना फोन लावले.
एकोणिसावा पीथमपूरच्या औषध कारखान्याचा :
प्लास्टिकच्या बाटल्या आहेत. रिकाम्या.
जेमतेम दीड टन, पण गाडी कौलापर्यंत भरेल.
मी गुणाकार केला. सगळी गाडी लावली.
त्याने घासाघीससुद्धा केली नाही,
बहुतेक त्याचीही एकतीस तारीख होती.

सरांनी माझा आकडा पुसून निळ्याने लिहिला.
खाली दुकानाचं शटर पडलं, कॉम्प्रेसर गप्प झाला,
तेव्हा कळलं केवढा आवाज होता तो
आणि आपण त्याच्यावर चढून बोलत होतो दिवसभर.

दोन वाजता नानूरामचा फोन. घरी सगळे झोपलेले,
मी गच्चीवर गेले.
काय झालं? पंक्चर?
'नाही मॅडम. गाडी हलकी आहे, पळतेय मस्त.
पण मागे बाटल्या बोलतात सगळ्या.
वळणावर तर असं वाटतं, कुणी नाव घेऊन हाक मारतंय.'

झाकणं वेगळी येणार आहेत, मी म्हटलं, म्हणून असेल.
तो थांबला. मागे खरंच काहीतरी होतं,
बारीक, खूप जणांचं.

बोलू दे, मी म्हटलं,
त्याचं भाडं लावलंय.